मदत हवी आहे: चिठ्ठीतली चूक पेशंटला किती सांगावी?

नमस्कार मंडळी, मी फार्मासिस्ट आहे. काल संध्याकाळी एक आजी संधिवाताची चिठ्ठी घेऊन आल्या. मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, आणि पुढे लिहिलेलं: रोज एक. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवसुद्धा जाऊ शकतो.

डॉक्टरांना तीनदा फोन केला, उचलला नाही. ती गोळी ठेवून घेतली, बाकीची औषधं दिली. चिठ्ठीची घडी घालत आजींनी विचारलं, "डॉक्टरांचं काही चुकलंय का गं?" मी म्हटलं, "जरा विचारून घेते, आजी." तेच मनाला टोचतंय. गोळी अडवली याबद्दल शंका नाही. पण खरं कळणं हा त्यांचा हक्क आहे. आणि डॉक्टरांवरचा विश्वास उडून त्यांनी उपचारच सोडले तर? शिवाय घरी आधीच्या गोळ्या आहेत का, हे विचारायचंच राहिलं!

आज त्या परत येणार आहेत. तुम्ही अशा वेळी नेमक्या कोणत्या शब्दांत सांगता? आणि डॉक्टर "रोजच द्या" म्हणाले तर? अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर सांगा.