वाचनकट्टा ग्रुप: पाचवी ते सातवीच्या मुलांना कोणती मराठी पुस्तकं?

बी-२०४ ताई: क्लबहाउसच्या कपाटासाठी सुट्टीआधी मराठी पुस्तकं घ्यायची आहेत. वय १० ते १३. बरीचशी मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत. बोलतात छान, पण वाचताना जोडाक्षर आलं की अडतात. नुसती नावं नकोत, कुणाला कोणतं आणि का तेही लिहा.

ए-५०१ आजोबा: पहिलं फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, जोडीला मित्र सुभाष देसाई. सुरुवात ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’पासून करा, पुढची कोणत्याही क्रमाने चालतात. एक अडचण येते. तार, ट्रंककॉल हे आजच्या मुलांना माहीतच नसतं, आणि मग ‘याने फोन का नाही केला?’ इथेच गाडी थांबते. देतानाच दोन वाक्यांत तो काळ सांगून टाका.

डी-१०३ काकू: आजोबांशी सहमत, पण हळू वाचणाऱ्याला पहिलं पुस्तक म्हणून मी ‘बोक्या सातबंडे’ देईन. दिलीप प्रभावळकरांनी ते घरात बोलतो त्याच मराठीत लिहिलंय. एकेक गोष्ट सुटी आहे, एका बैठकीत संपते. हळू वाचणारं मूल ओळीच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरतं. लांबलचक वाक्यांची कादंबरी त्याला कंटाळवाणी वाटते ती त्यामुळेच, गोष्ट वाईट असते म्हणून नव्हे.

पुस्तक झेपेल का ते बघायची सोपी रीत: मधलं कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचायला लावा. एका पानात पाचपेक्षा जास्त शब्दांना अडलं, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. दोन-तीन शब्दांना अडलं तर बिनधास्त हातात द्या.

सी-३०२ दादा: रहस्यकथा आवडणाऱ्यांना गुप्तहेर फेलूदा. सत्यजित राय यांच्या कथा, अशोक जैन यांचा अनुवाद, रोहन प्रकाशन. गोष्ट सांगतो तोपशे, फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ, त्यामुळे मुलांना आपल्यातलंच कुणी बोलतंय असं वाटतं.

इथे मात्र क्रम बघा. जटायू या टोपणनावाने लिहिणारे लालमोहनबाबू पहिल्यांदा भेटतात ते जैसलमेरच्या किल्ल्याच्या गोष्टीत. ती आधी वाचली नाही तर पुढच्या पुस्तकांत ‘हे काका कोण?’ हा प्रश्न राहतो आणि त्यांची निम्मी गंमत जाते. त्यानंतर ‘कैलासातील कारस्थान’. भुवनेश्वरच्या देवळातल्या यक्षीचं शिर चोरीला जातं आणि माग काढत सगळे आपल्या वेरूळला पोचतात. लेणी बघून आलेल्या मुलाला हे नक्की द्या.

बी-२०४ ताई: ‘श्यामची आई’ घ्यायचंच ना?

डी-१०३ काकू: घ्यायचंच. पण एकट्याने वाचायला देऊ नका. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, भाषा तेव्हाची आहे, आणि सलग वाचलं तर मूल रडून रडून दमतं. पुस्तकाची रचनाच एकेका रात्रीची आहे, ४२ रात्री. रोज रात्री जेवणानंतर एक रात्र मोठ्याने वाचा, दीड महिन्यात होतं. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आई धोंड्यावर ओलं लुगडं पसरते, तो भाग वाचून झाला की लगेच समजावून सांगू नका. गप्प राहा, मूल स्वतःच बोलतं.

ए-५०१ आजोबा: बारा-तेराच्या मुलांसाठी ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या ‘द इयरलिंग’चा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ पुस्तक १९३८ चं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मुलं हे पहिल्याच प्रकरणात सोडतात, कारण तिथे घडत काहीच नाही. गोष्टीतला मुलगा ज्योडी झऱ्यावर जातो, काटक्या आणि पानं जोडून पाणचक्की करतो आणि ती फिरताना बघत पडून राहतो. तेवढं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, जमलं तर तशी पाणचक्की करून नळाखाली धरा. पुढे अस्वलाची शिकार सुरू झाली की पुस्तक खाली ठेववत नाही. शिवाय शेवटी ती पाणचक्की पुन्हा येते, म्हणून ते प्रकरण गाळू नका.

सी-३०२ दादा: आजोबा, शेवट सांगू नका हं!

ए-५०१ आजोबा: नाही सांगत. पण शेवटची प्रकरणं वाचताना घरातलं मोठं कुणी जवळ असावं, इतकं पालकांना कळवा.

ए-१०२ डॉक्टरताई: ‘पाडस’बद्दल एक सूचना. त्यात ज्योडीच्या वडिलांना साप चावतो आणि ते हरणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतात. हा उपचार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. हालचाल कमीत कमी ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

ई-४०३ वहिनी: कादंबरी नाही, पण कादंबरीसारखंच वाचलं जातं म्हणून ‘तोत्तोचान’ सुचवते. तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणच्या शाळेची हकीकत, अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी, नॅशनल बुक ट्रस्ट. प्रकरणं छोटी छोटी. शाळा भरते आगगाडीच्या डब्यांत. जेवणाच्या डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरावरचं आणायचं असा मुख्याध्यापकांचा नियम. कुणाकडे समुद्रातलं नसेल तर ते ‘समुद्र!’ म्हणतात आणि त्यांच्या पत्नी हातातल्या भांड्यातून वाढतात. हे वाचलं की मुलं घरचा डबा तपासतात, तयारीत राहा 😊

ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’ही घ्या. २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला आहे. गावाकडची भाषा आहे, त्यामुळे पहिली काही पानं मोठ्याने वाचावीत.

डी-१०३ काकू: ताई, खरेदी करताना मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘सुलभ आवृत्ती’ लिहिलेलं नाही ना ते बघा. तशा आवृत्तीत घटना तेवढ्या उरतात आणि बोलणी जातात, जी मुलांना सगळ्यात आवडतात. अक्षर बारीक असेल तर तेही नको, जोडाक्षरं तिथेच अडवतात. बोक्याच्या आणि फेणेच्या दोन-दोन प्रती घ्या म्हणजे दोन मित्र एकाच वेळी वाचतील.

बी-२०४ ताई: यादी केली. बोक्या आणि फेणे दोन-दोन, बाकी एकेक. जैसलमेरच्या फेलूदावर ‘हे आधी वाचा’ अशी चिठ्ठी लावते. ‘श्यामची आई’ आणि ‘पाडस’ मोठ्यांच्या नावावरच द्यायचं.