मदत हवी आहे: भारतीय माध्यमांच्या अर्थकारणावर खोलात जाऊन लिहिलेले पुस्तक

नमस्कार,

उद्योग, माध्यमे आणि तंत्रज्ञान यांवरची अलीकडची पुस्तके मी आवडीने वाचतो. मात्र त्यांतील बहुतेक अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये लिहिलेली आहेत. ख्रिस मिलर यांचे 'चिप वॉर' (२०२२) मला सर्वांत उजवे वाटले, कारण शीतयुद्धातील क्षेपणास्त्रांपासून मॉरिस चँग यांनी १९८७ साली तैवानमध्ये उभ्या केलेल्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीपर्यंतचा धागा ते कुठेही तुटू देत नाही. पॅट्रिक मॅगी यांचे 'ॲपल इन चायना' (२०२५) त्याच्या पाठोपाठ वाचण्याजोगे आहे. वॉल्टर आयझॅक्सन यांचे मस्कचरित्र मात्र नायकाच्या फारच जवळ उभे राहून लिहिल्यासारखे वाटते. ४४ अब्ज डॉलरच्या ट्विटर-खरेदीचा प्रकार समजून घ्यायचा असेल, तर केट काँगर आणि रायन मॅक यांच्या 'कॅरेक्टर लिमिट'मध्ये कर्मचाऱ्यांची बाजूही कळते.

माझी अडचण भारताविषयी आहे. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच हंगामांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारला आणि डिजिटल हक्क व्हायाकॉम१८ला मिळाले. पुढच्याच हंगामात व्हायाकॉम१८च्या जिओसिनेमा ॲपने सामने फुकट दाखवले आणि २०२४ च्या अखेरीस हे दोन्ही प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. एवढी मोठी रक्कम मोजून घेतलेली वस्तू फुकट वाटताना हिशेब नेमका कोणता मांडला होता, जाहिरातदार, डेटा पॅक आणि केबलचालक यांपैकी कोणाच्या खिशातून ती भरून निघणार होती, आणि यात वृत्तवाहिन्यांचे व छापील दैनिकांचे जाहिरात-उत्पन्न किती ओढले गेले, हे कागदपत्रे व मुलाखतींच्या आधारे सलग सांगणारे पुस्तक मला हवे आहे. बातम्या भरपूर वाचल्या आहेत, परंतु त्या सुट्या आहेत.

पुस्तक मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, कोणत्याही भाषेतले चालेल. गिरीश कुबेर यांच्या 'टाटायन'सारखे उद्योगाचा इतिहास ओघवत्या मराठीत सांगणारे काही माध्यमांबद्दल असेल, तर उत्तमच. संस्थापकांचे गौरवग्रंथ आणि 'यशाची दहा सूत्रे' छापाची पुस्तके कृपया सुचवू नयेत; ती आमच्या गावच्या वाचनालयात कपाटभर आहेत. सलग पुस्तक नसल्यास एखादा दीर्घ लेख किंवा प्रबंधही चालेल.

जाता जाता आणखी एक शंका विचारतो. पार्मी ओल्सन यांचे 'सुप्रिमसी' (२०२४) आणि कॅरेन हाओ यांचे 'एम्पायर ऑफ एआय' (२०२५) या दोन्हींत चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीची कथा आहे. दोन्ही वाचलेल्यांनी आधी कोणते घ्यावे हे सांगावे, आणि एकानंतर दुसऱ्यात नवे कितपत मिळते तेही कळवावे. सुचवलेले पुस्तक आपण स्वतः वाचले आहे की केवळ त्याविषयी ऐकले आहे, एवढा उल्लेख केल्यास निवड सोपी होईल.