अक्षीच्या पुळणीवर पक्ष्यांचे फोटो: दिवस कोणता, वेळ कोणती?

खाजणवाट:
डिसेंबर-जानेवारीत अलिबागजवळच्या अक्षीला एक दिवस पक्षी बघायला आणि फोटो काढायला जायचं आहे. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स 150-600. मागच्या खेपेला साडेदहा वाजता पूर्ण ओहोटी होती. पक्षी पाण्याच्या कडेला, दोनशे मीटर तरी लांब. फोटो सगळे मऊ आले, कडा विरघळल्यासारख्या, आणि कुरवांचे (गल पक्ष्यांचे) पांढरे भाग पार जळालेले. फोकस तपासून घेतला, तो बरोबर आहे. दिवस आणि वेळ कशी ठरवायची? सेटिंग काय ठेवायचं? आणि ते छोटे भुरे चिखल्या एकमेकांपासून ओळखायचे कसे?

पुळणकर:
तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून दिवस तिथीवरून निवडा आणि नेमकी वेळ मुंबईच्या (अपोलो बंदर) भरतीच्या तक्त्यावरून घ्या. अलिबागला फारसा फरक पडत नाही.

आता उजेड. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, पक्ष्यावर सरळ उजेड. संध्याकाळी तोच समुद्रावर येतो आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. डिसेंबरात सूर्योदय सातच्या आसपास, पण सुरूच्या बनाची सावली पुळणीवर बराच वेळ पडून राहते. पाण्याच्या कडेला खरा उजेड मिळतो तो साडेसात ते साडेनऊ.

तेव्हा भरती नऊच्या आसपास हवी. नऊ भागिले पाऊण, बारा. द्वादशी सर्वांत उत्तम, एकादशी आणि त्रयोदशीही चालतील. पाणी चढतं तशी खाण्याची ओली पट्टी अरुंद होत जाते आणि पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकतात. तुम्ही त्यांच्याकडे चालत जायचं नाही, यातच सगळं आलं. पावणेसातपर्यंत पोचून भरतीच्या कालच्या खुणेच्या जरा वर, म्हणजे काटक्या-शिंपल्यांची रेघ असते तिथे, बसून घ्या. मुंबईहून पहिल्या बोटीने येऊन ही वेळ गाठता येत नाही, पुण्याहूनही मध्यरात्री निघावं लागेल. आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा.

ऐन उधाणाचा दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या, मात्र टाळा. भरती दुपारच्या तोंडावर येते, उजेड डोक्यावर असतो, पुळण जवळजवळ बुडते आणि थवे उठून दुसरीकडे विसाव्याला जातात.

सुरय:
फोकस बरोबर असूनही फोटो मऊ येतात ते तापलेल्या हवेमुळे. साडेनऊ-दहानंतर कोरडी वाळू तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याची कड लाटेसारखी हलते. लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघा, थरथर दिसली की कॅमेरा बाजूला ठेवून दुर्बीण घ्यावी. स्थिरीकरण, शटर, एडिटिंग, कशानेच ते दुरुस्त होत नाही. उपाय एकच, अंतर कमी असणं.

अंतराचा अंदाज देतो. केंटिश चिखल्या साधारण 15 सेंटिमीटरचा. 600 मिमी आणि क्रॉप सेन्सरवर तो चौकटीची पाव रुंदी भरायला सुमारे 15 मीटरवर हवा. 60 मीटरवर तोच सोळाव्या हिश्श्याएवढा उरतो. दोनशे मीटरवरून फोटो नव्हे, फक्त नोंद मिळते.

सेटिंग: मॅन्युअल, ऑटो आयएसओ, कमाल 3200. उडणारे सुरय (टर्न) आणि कुरव 1/2500, लाटेमागे पळणारे सँडरलिंग 1/1250, बसलेला पक्षी 1/1000. छिद्र एफ 7.1. अशा लेन्स 600 ला पूर्ण उघड्या छिद्रावर थोड्या मऊ असतात. पांढरे पक्षी जळतात कारण मागचं पाणी आणि ओली वाळू गडद असते, कॅमेरा सरासरी काढून सगळंच उजळवतो. कुरवांसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा कमी-जास्त करायचं बटण) -0.7 ठेवा आणि हायलाइटची लुकलुक, म्हणजे जळालेला भाग पडद्यावर लुकलुकवणारी सूचना, चालू ठेवा. कोरड्या उजळ वाळूवर भुरा चिखल्या असेल तर उलट, +0.3 ते +0.7. थवा वाळूवरून आकाशात उठला की -0.7 विसरून +1 लागतं. हे बटण आंधळेपणाने फिरवता आलं पाहिजे.

पुळणीवर लेन्स बदलू नका. परतल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ पुसायचं. उलट क्रमाने केलंत तर काचेवर चरे पडतील.

काठावरचा:
ओळखीबद्दल. केंटिश चिखल्याच्या मानेमागून पांढरी कॉलर पूर्ण फिरते, सँड प्लोव्हरना (हेही तसेच छोटे भुरे चिखल्या, ग्रेटर आणि लेसर असे दोन) ती नसते. ग्रेटर सँड प्लोव्हरची चोच लांब आणि जड असते. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराशी ताडून बघा, चोच त्याहून लांब भरली तर ग्रेटर. पायही लांब, फिकट पिवळसर-हिरवे. यासाठी अगदी बाजूने घेतलेला एक फोटो हवाच, समोरून घेतलेल्या दहांनी काही ठरत नाही. लेसर सँड प्लोव्हर या जातीच्या 2023 मध्ये दोन वेगळ्या जाती मानल्या गेल्या, आपल्या किनाऱ्यावरचे नोंदवताना 'तिबेटन'कडे बघा.

सुरयांमध्ये चोच बघितली की निम्मं काम झालं: लेसर क्रेस्टेड नारिंगी, ग्रेटर क्रेस्टेड हिरवट पिवळी, सँडविच काळी आणि टोक पिवळं, कॅस्पियन जाडजूड लाल, गल-बिल्ड आखूड, जाड, काळी.

पुळणकरांच्या सल्ल्यात एक भर. थव्याकडे सरकायचंच झालं तर सरळ रेषेत नको, तिरकं, थांबत थांबत. खाणं थांबवून माना वर झाल्या की तिथेच थांबा, दोन पावलं मागे घ्या. भरतीच्या वेळी विसावलेला थवा एका फोटोसाठी उठवणं मला अजिबात मान्य नाही. हे पक्षी परतीच्या हजारो किलोमीटरसाठी चरबी साठवतात, प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, अक्षरं, कोणता पाय आणि सांध्याच्या वर की खाली, एवढं लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

खाजणवाट:
द्वादशीचं नक्की. ट्रायपॉड आणू का? आणि भरती उतरल्यावर दुपारचं काय करायचं?

सुरय:
ट्रायपॉड नको. लाट येऊन गेली की पाय खचतात, सांध्यात वाळू जाते. फोटो वाळूवर आडवं पडून घ्यायचे, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला. जाड कापडाच्या पिशवीत किलोभर तांदूळ भरा आणि ती जुन्या स्टीलच्या ताटात ठेवा. ताट वाळूवरून सरकवता येतं आणि पिशवी कोरडी राहते. अंगाखाली ताडपत्रीचा तुकडा.

पुळणकर:
द्वादशीला ओहोटी तीनच्या आसपास. अलिबागला कुलाबा किल्ल्याच्या वाटेवरचे खडक तेव्हा उघडे पडतात, तिथे समुद्र बगळा आणि टर्नस्टोन शोधा. शेवाळावर पाय सटकतो, बुटाचा तळ खरखरीत हवा. पाणी परत चढायला लागलं की कॅमेरा गुंडाळून चारच्या आत बाहेर या, तिथे ते दोन्ही बाजूंनी येतं.