मदत हवी आहे: पोर्क फ्रायची कातडी चिवट राहते, सूपवर तेलाचा तवंग येतो

नमस्कार मंडळी, रविवारी आठ जणांचं जेवण आहे. पोर्क फ्राय, त्याच्याच पाण्यात भाज्यांचं सूप आणि पाव, असा गोव्याकडचा बेत.

प्रमाण असं: पोटाकडचं दीड किलो मटण, कातडी-चरबीसकट, दीड इंची तुकडे. मीठ, हळद, आलं-लसूण वाटण आणि दोन मोठे चमचे माडाचं व्हिनेगर लावून तासभर ठेवायचं. मग तीन कप पाण्यात कुकरच्या तीन शिट्या, पाणी गाळून बाजूला, आणि तुकडे लोखंडी कढईत त्यांच्याच चरबीवर मिरपूड, हिरवी मिरची, उभा कांदा घालून परतायचे.

अडचण कातडीची आहे. मांस मऊ होतं, पण कातडी रबरासारखी ताणली जाते. तुकडे ओले असले तर कढईत आधी वाफाळतात आणि चरबी अंगावर उडते, म्हणून ते वीस मिनिटं ताटात निथळून कोरडे करायचे हे ठरलेलंच. मग शिट्या वाढवाव्यात का? पाच केल्या तर मांसाचे धागे सुटतील, अशी धास्ती आहे.

दुसरं सूपचं. गाजर, फरसबी, कोबी, बटाटा आणि शेवटी मूठभर मॅकरोनी. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे बटाटा लवकर शिजत नाही; तो साध्या पाण्यात वेगळा उकडावा, की व्हिनेगर मटणाला परततानाच लावावं? चवीत किती फरक पडेल?

फ्रीजमध्ये ठेवून चरबी गोठवायला रात्रभर वेळ नाही. पळीने काढूनही तवंग उरतो. त्याच दिवशी चालेल असा नेमका उपाय, प्रमाणासकट, कुणी सांगेल का?