मुळशीचं पाणी पूर्वेला न येता कोकणात कसं जातं?

प्रश्न (कोथरूड): मुळा नदी तर पूर्वेला, आपल्या पुण्याकडे वाहते. मग धरणाचं पाणी कोकणातल्या भिऱ्याला कसं पोचतं? आणि धरणाखाली गावं गेली म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

प्रतिसाद १: माझ्या आजीचं माहेर त्याच खोऱ्यातलं, म्हणून सविस्तर लिहितो. खोरं पूर्वेला हळूहळू उतरतं, पण पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे आणि त्याखाली कोकण, साधारण पाचशे मीटर खोल. टाटांना वीज हवी होती ती या उंचीतून. मुळा अडवली, पाणी उलट्या दिशेला वळवलं आणि भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं. ते १९२७ साली सुरू झालं.

पण त्याआधी तिथे भाताची खाचरं होती, आंबेमोहोर पिकायचा. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. लढा तीन-चार वर्षं चालला, लोक तुरुंगात गेले, तरी जमीन बुडालीच. धरणामुळे विस्थापन झालेल्यांचा इतका जुना लढा आपल्या उंबऱ्याशी झाला, आणि ताम्हिणीला भजी खायला जाणाऱ्या आपल्या मुलांना तो कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २: वीज करून झाल्यावर तेच पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडचं राफ्टिंग त्याच्यावरच चालतं.

प्रश्नकर्ता: दादा, मनापासून आभार. आजीच्या माहेरच्या गावाचं नाव सांगाल का?

प्रतिसाद १: घरी विचारून लिहितो.