थ्रीडी स्लायसर : विझार्डने तयार केलेल्या मॉड्यूलमधला स्लायडर −१०० च्या खाली जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार. छातीच्या सीटी स्कॅनवरून एम्फिसीमाचा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याच्या आजाराचा) अंदाज देणारे एक छोटे मॉड्यूल थ्रीडी स्लायसर या वैद्यकीय प्रतिमांच्या सॉफ्टवेअरसाठी लिहीत आहे. फुप्फुसाचा किती टक्के भाग −९५० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीतल्या घनतेच्या एककाच्या) खाली आहे, एवढेच त्याने सांगायचे आहे. पायथन मला येते, पण क्यूटी (खिडक्या-बटणे बनवण्याची लायब्ररी) आणि सीमेक (प्रोग्रॅम बांधण्याचे साधन) यांची ओळख जेमतेम असल्यामुळे 'डेव्हलपर टूल्स'मधल्या एक्स्टेन्शन विझार्डकडून (मॉड्यूलचा सांगाडा आपोआप तयार करून देणाऱ्या साधनाकडून) आधी एक्स्टेन्शन आणि मग त्यात 'लंगडेन्सिटी' नावाचे स्क्रिप्टेड मॉड्यूल तयार करून घेतले. नमुन्यादाखल मिळालेला थ्रेशोल्डचा कोड पहिल्याच झटक्यात चालला.

अडचण पुढे आली. नमुन्यातला स्लायडर −१०० ते ५०० एवढाच सरकतो, म्हणून क्यूटी डिझायनरमध्ये ती मर्यादा −१०२४ ते ० अशी करून यूआय फाइल (मॉड्यूलच्या पडद्याची मांडणी ठेवणारी फाइल) जतन केली. परंतु 'रीलोड' केल्यावरच काय, स्लायसर बंद करून पुन्हा उघडल्यावरही स्लायडर −१०० वरच अडतो. फाइल उघडून पाहिली, तर तिच्यात माझेच आकडे आहेत. शिवाय फुप्फुसाचा मुखवटा (प्रतिमेतला फुप्फुसाचा भाग दाखवणारा थर) निवडण्यासाठी मी जो दुसरा नोड सिलेक्टर (उघडलेल्या डेटातून निवड करण्याची यादी) टाकला, तो फिकट दिसतो आणि उघडतच नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली यूआय फाइल ठीक आहे. ती मर्यादा दुसऱ्याच जागी लिहिलेली आहे. अलीकडच्या नमुन्यात पायथन फाइलच्या वरच्या भागात 'लंगडेन्सिटीपॅरामीटरनोड' हा क्लास असतो आणि त्यात इमेजथ्रेशोल्डपुढे 'विदिनरेंज' लिहून −१०० व ५०० हे आकडे दिलेले असतात. पॅरामीटर नोड (मॉड्यूलची मूल्ये साठवणारा घटक) स्लायडरला जोडला जातो त्या क्षणी हेच आकडे स्लायडरवर चढतात आणि डिझायनरमधले पुसले जातात. म्हणून मर्यादा तिथे बदला, आणि त्याच ओळीच्या शेवटी असलेले १०० हे मूळ मूल्यही −९५० करा, कारण आपल्या नव्या मर्यादेत १०० बसत नाही.

सिलेक्टरला सीन (स्लायसरमध्ये उघडलेल्या सर्व डेटाचा संच) मिळालेला नाही, म्हणून तो फिकट आहे. डिझायनरमध्ये सिग्नल-स्लॉटच्या (एका घटकाची सूचना दुसऱ्याच्या फंक्शनला जोडण्याच्या) यादीत पाहिल्यास दिसेल की सर्वांत बाहेरच्या विजेटचा 'एमआरएमएलसीनचेंज्ड' हा सिग्नल विझार्डने दिलेल्या सिलेक्टरांच्या 'सेटएमआरएमएलसीन' या स्लॉटला आधीच जोडलेला आहे. आपण हाताने टाकलेल्या सिलेक्टरसाठी ही जोडणी आपल्यालाच करावी लागते. नमुन्याच्या कोडमध्ये याविषयी टिप्पणी आहे, पण ती कोण वाचतो! (मीही वाचली नव्हती.)

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार, दोन्ही गोष्टी मार्गी लागल्या. आता 'लंगडेन्सिटी' हे नाव बदलावेसे वाटते. नुसते फोल्डरचे आणि फाइलचे नाव बदलले तर चालेल का?

प्रतिसाद २

नाही चालणार. फाइलचे नाव आणि मुख्य क्लासचे नाव तंतोतंत एक असावे लागते, आणि त्याच नावापुढे 'विजेट' जोडलेला क्लास स्लायसर शोधतो. याखेरीज यूआय फाइल, तिचा कोडमधला उल्लेख, मॉड्यूलच्या सीमेकलिस्ट्समधले (सीमेकसाठीच्या सूचनांच्या फाइलमधले) 'मॉड्यूल_नेम', एक्स्टेन्शनच्या सीमेकलिस्ट्समधली 'ॲड_सबडिरेक्टरी'ची ओळ आणि सेटिंग्जमध्ये नोंदवलेला जुना फोल्डर, इतक्या ठिकाणी ते नाव पसरलेले असते. आपले काम नुकतेच सुरू झाले आहे, तेव्हा विझार्डकडूनच नव्या नावाचे मॉड्यूल करून घ्या आणि लॉजिक क्लासमधली (प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्या क्लासमधली) फंक्शने व पॅरामीटर नोड तेवढे तिकडे हलवा. मोजणीचा कोड पुढे वेगळ्या पायथन फाइलमध्ये ठेवणार असाल, तर तिचे नाव सीमेकलिस्ट्समधल्या स्क्रिप्टांच्या यादीत न विसरता घाला. ते राहिले तर आपल्या संगणकावर सोर्समधून सारे सुरळीत चालते आणि पॅकेज केलेल्या एक्स्टेन्शनमध्ये मात्र ती फाइल जातच नाही.