पायथनच्या तीन बाणांपुढं (>>>) फाईल चालवताना गावाचं नाव द्यायचं कसं?

कडोलीची लेक
नमस्कार. मी कडोलीची, तालुका बेळगाव. आमची आणि आजूबाजूच्या गावांतली मिळून बावीस घरं एकाच गाडीनं रताळी मार्केट यार्डात पाठवतात. संध्याकाळी पट्ट्या येतात: वजन, दर, हमाली, तोलाई. त्या मी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाईलीत) भरते आणि मीच लिहिलेली पायथनची फाईल 'हिशेब.पीवाय' कुणाला किती द्यायचे ते काढते. महिना आणि गाव बाहेरून द्यावं लागतं, आत ते सिस.आर्ग्व्हीमधून, म्हणजे फाईल चालवताना दिलेल्या शब्दांच्या यादीतून घेतलंय.

काळ्या खिडकीत (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये) 'पायथन हिशेब.पीवाय 9 कडोली' दिलं की चालतं. पण चाललं की संपलं, मागं काही उरत नाही. शेजारची आजी येऊन म्हणते, "माझी एक पट्टी कमी लागलीया, बघ की गं." तिला एकेक ओळ उघडून दाखवायची असते. म्हणून आधी पायथन सुरू करून तीन बाणांपुढं तीच ओळ टाकली, तर सिंटॅक्स एरर. 'इम्पोर्ट हिशेब' केलं तर 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज'. पायथन 3.11, विंडोज. नवरात्र तोंडावर आलंय, उपासाला माल रोज जाणार. सांगा की कुणीतरी.

निपाणीचा विद्यार्थी
ताई, 'पायथन हिशेब.पीवाय' ही आज्ञा विंडोजला कळते. तीन बाण दिसले म्हणजे तुम्ही पायथनच्या आत आहात, तिथं फक्त पायथनचीच वाक्यं चालतात. आत असताना आर्ग्व्हीच्या यादीत एकच रिकामं नाव असतं, म्हणून दुसरी जागा शोधताना इंडेक्सची एरर आली.

यादी आपणच भरायची. इथं देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीत करा:

इम्पोर्ट सिस
सिस.आर्ग्व्ही = ['हिशेब.पीवाय', '9', 'कडोली']
एक्झेक(ओपन('हिशेब.पीवाय').रीड())

पहिली जागा फाईलच्या नावाची. ती विसरलात तर 9 तिथं जाऊन बसतो आणि कडोली महिना होते. जुन्या पुस्तकात एक्झेकफाईल दिसेल, ते पायथन 3 मध्ये काढून टाकलंय. इम्पोर्टच्या नादाला लागू नका. एकदा नीट झालं की दुसऱ्यांदा ते फाईल चालवतच नाही.

उद्यमबाग टर्नर
वरचं बरोबर आहे, पण एक्झेक केलं की फाईलमधली सगळी नावं तुमच्या चालू कामात मिसळतात. मी मशीनच्या मापांसाठी रनपाय वापरतो, ते पायथनसोबतच येतं. आर्ग्व्ही वरच्यासारखीच भरायची, मग:

इम्पोर्ट रनपाय
न = रनपाय.रन_पाथ('हिशेब.पीवाय', रन_नेम='__मेन__')

फाईलमधली सगळी नावं 'न' या डिक्शनरीत येतात. न['पट्ट्या'] म्हटलं की यादी समोर. फाईलमध्ये 'इफ __नेम__ == "__मेन__"' अशी ओळ असेल आणि रन_नेम दिलं नाही, तर तिच्या खालचा भाग चालत नाही. यात माझी एक दुपार गेली होती.

पण पोरी, तुझ्या कामाला याहून सोपं आहे. काळ्या खिडकीतच 'पायथन -आय हिशेब.पीवाय 9 कडोली' दे. फाईल चालून संपते आणि तीन बाण उघडे राहतात, याद्या जिवंत. -आय फाईलच्या नावाआधी टाक. नंतर टाकलंस तर तो तुझ्या फाईलकडं जातो. आयडल (पायथनसोबत येणारी लिहायची खिडकी) वापरत असशील तर शिफ्ट धरून एफ5 दाब, अर्ग्युमेंट लिहायला चौकट येते. 3.8 पासून आहे ती.

कडोलीची लेक
काका, -आय लागलं! आजीला तिच्या सात पट्ट्या एकेक करून दाखवल्या. पाचवी दोनदा भरली गेली समजून मीच खोडली होती, ती परत घातली.

पण दुसरंच सापडलं. 9 कंग्राळी खुर्द दिलं तर 63 पोती, आणि निपाणीच्या दादानं सांगितल्यासारखी यादी भरली तर 41. दोन्ही एकाच फाईलवर. पैसे अजून वाटलेले नाहीत, पण जीव खालीवर होतोय.

निपाणीचा विद्यार्थी
फाईलच्या पहिल्या ओळीत आर्ग्व्ही छापून बघा. काळ्या खिडकीत मोकळ्या जागेवर तुकडे पडतात. 'कंग्राळी' एक आणि 'खुर्द' वेगळा. तुमची फाईल गाव म्हणून नुसतं 'कंग्राळी' घेते, 'खुर्द'कडं बघतच नाही. मग खुर्द आणि बुद्रुक दोन्हीची पोती एकत्र येतात. यादीत तेच एका अवतरणात होतं, म्हणून 41. काळ्या खिडकीत दुहेरी अवतरण द्या: "कंग्राळी खुर्द". तिथं एकेरी चालत नाही.

कडोलीची लेक
छापलं. चार तुकडे पडलेले दिसले, खुर्द शेवटी एकटाच. दुहेरी अवतरण दिल्यावर दोन्हीकडं 41 आले, आणि बुद्रुकची 22 वेगळी. आता तीनापेक्षा जास्त तुकडे आले तर फाईल तिथंच थांबेल अशी अट घातलीय. शुक्रवारी पैसे वाटायच्या आधी जुलैपासूनचे दोन्ही कंग्राळीचे हिशेब परत काढणार आहे.